समोरून शिकलेली अक्षरं

मी पहिल्यांदा काय बोलले यावर आमच्या घरात अजून वाद आहे. आई म्हणते, "आई" बोलली. ताई म्हणते, कसलं आई, हिनं पहिल्यांदा शेजारच्या काकूची शिंक काढली, आणि तीपण दोनदा, कारण काकू कायम दोनदाच शिंकायची. मला दोन्ही आठवत नाही. शिंक मात्र अजून येते, हवी तर काढून दाखवते.

माणूस भेटला की मी आधी त्याचा आवाज उचलायचे, मग नाव विचारायचे. एसटीचा कंडक्टर, बांगड्या घेऊन येणारा कासार, घाटावरून बदलून आलेले गुरुजी, आमची म्हैस, सगळे माझ्या घशात राहायला होते. आई दळताना थकली की म्हणायची, "कर गं कासार." मी कासार करायचे. हसली की जातं परत सुरू.

आता मी स्वतः पहिलीच्या पोरांना शिकवते. परवा एक मुलगी पुस्तक उलटं धरून बसली होती. बाकीची खिदळायला लागली. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, वाच. ती नुसती बघत राहिली. तिनं आपलं चुकून उलटं धरलं होतं, बाकी काही नव्हतं. मी जरा हिरमुसलेच. वाटलं होतं, माझ्यासारखी कुणीतरी भेटली.

कारण मला त्या वयात वाचता येत होतं. पण उलटंच.

आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत, चालत अर्ध्या तासावर. सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट असेल. मी चार वर्षांची होते, ताई सहाची आणि नुकतीच पहिलीत गेलेली. पडवीच्या आढ्याला झोळी बांधलेली, झोळीत धाकटा भाऊ आणि झोळीची दोरी माझ्या हातात. हे माझं काम होतं. दोरी थांबली की भाऊ सुरू व्हायचा, म्हणून मला जागचं हलता यायचं नाही. ताई शाळेतून आली की उंबऱ्यावर बसायची, कारण उजेड तिथंच. पुढ्यात पाट, पाटावर पुस्तक, पुस्तकावर बोट, आणि मोठ्यानं वाचन. पाटाच्या अल्याड ताई, पल्याड मी.

असं दोन वर्षं चाललं. पुस्तकाचा वरचा काठ माझ्या पायाशी असायचा, खालचा ताईच्या मांडीशी. तिचं बोट माझ्या उजवीकडून डावीकडे जायचं आणि ओळी माझ्यापासून लांब लांब सरकायच्या. ताई "ब" म्हणाली की बोटाखाली काय आहे ते मी बघून ठेवायचे. मला कुणी शिकवत नव्हतं. आवाज उचलायची खोड होतीच, आता आवाजाच्या मागं मागं आकारही यायला लागले.

ताईला अक्षरं काठीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसायची, वर काठी आणि खाली लोंबणारं सगळं. मला ती जमिनीवर उभी दिसायची, लावणी केलेल्या भाताच्या आवणासारखी, रांगेत. ठ म्हणजे माझं झाड होतं. खाली जमीन, मग बुंधा, वर गोल डोकं. मात्रा म्हणजे मुळं आणि उकार म्हणजे तुरा. माझ्या दृष्टीनं फार शहाणपणाची लिपी होती ती.

एकदा ताईचं बोट पोचायच्या आधी मीच पुढचा शब्द बोलले. ताईनं मान वर करून बघितलं.

"पाठ झालंय माकडीला," ती आईला म्हणाली.

आईला कौतुक वाटलं. अर्धं खरंही होतं. पाठ तर झालंच होतं. उरलेलं अर्धं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्यापण नाही.

मग मी शाळेत गेले. एक खोली, चार वर्ग, एक गुरुजी. पहिली दाराशी बसायची, चौथी भिंतीशी, आणि दरवर्षी पोरं एकेक रांग आत सरकायची. गुरुजींनी फळ्यावर अक्षर काढलं. मला ते ओळखू येईना. मला त्याचं नवल वाटलं नाही. घरी आम्ही हाय-नाय बोलायचो, शाळेत आहे-नाही बोलावं लागायचं. घरी "आमी", शाळेत "आम्ही". भाषा वेगळी तर अक्षरंही शाळेची वेगळी असणार. मी ती पाटीवर चित्रासारखी उतरवून काढायचे, आणि चित्रं माझी बरी यायची.

खरी पंचाईत पुस्तक हातात आलं तेव्हा झाली. ताईचंच जुनं पुस्तक. मी ते मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि वाचायला लागले. "बदक पाण्यात गेलं. बदक भिजलं नाही."

गुरुजी येऊन उभे राहिले. "का गं, पुस्तक शीर्षासन करतंय व्हय?"

वर्ग हसला. मीही हसले, आपल्यावर हसणाऱ्यांबरोबर हसायची मला सवयच होती. गुरुजींनी पुस्तक फिरवून सरळ केलं. मी परत उलटं केलं. त्यांनी माझा कान धरला.

"आल्या आल्याच थट्टा सुरू केली का? गावातनं ऐकून आहे मी तुझ्याबद्दल."

नाव झालेलं असलं की हे असं होतं. दुसरी कुणी असती तर गुरुजींनी विचारलं असतं, बाई, तू असं का करतेस. मला कुणी विचारलं नाही, कारण मी काहीही केलं तरी ती नक्कलच असणार. त्या दिवसापासून मी पुस्तक सरळ धरायला लागले. सरळ धरलं की पान गप्प व्हायचं. एक अक्षर माझ्याशी बोलायचं नाही.

पण गुरुजी बोलायचे ना. शाळेत शिकवायची रीत अशी की गुरुजी एक ओळ वाचणार आणि आम्ही सगळ्यांनी मागून म्हणायची. दोनदा ऐकलं की माझं काम झालं. मी उभी राहायचे, पुस्तक छान सरळ धरायचे, गुरुजींसारखा घसा खाकरायचे आणि अख्खा धडा घडाघडा, त्यांच्याच चढ-उतारात. घाटावरच्या हेलासकट. गुरुजी मला तिसरी-चौथीपुढे उभं करायचे आणि म्हणायचे, "बघा, याला वाचणं म्हणत्यात."

एका धड्यात मी एका ओळीपाशी दर वेळी थांबायचे. चांगले दोन-तीन श्वास.

"हितं का थांबतीस गं?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी हितं खिडकीत थुकायला जाता," मी म्हटलं.

चौथीच्या रांगेत कुणीतरी पाटी पाडली. गुरुजी म्हणाले, "पुढं वाच." चार-पाच दिवस त्यांनी वर्गात तंबाखू खाल्ली नाही. त्यांच्या तेव्हाही ध्यानात आलं नाही की वाचणारीला थुंकणं वाचता येत नाही, ते ऐकावंच लागतं. त्यांना तो आगाऊपणा वाटला. होताच म्हणा थोडा.

घरी बाबांना माझं वाचन फार आवडायचं. बाबांना अक्षर येत नव्हतं. दोर वळत बसले की म्हणायचे, "वाच गं ते बदकाचं." मी गुरुजींचा आवाज लावला की त्यांच्या मिशा हलायला लागायच्या. ताईचं वाचन साधं, मधे मधे अडकणारं. बाबा आईला म्हणायचे, "मोठीपेक्षा धाकटी हुशार निघाली." ताई ऐकायची. तिला खरंच वाटायचं की मी हुशार आहे.

होळी झाली आणि गुरुजींनी सांगितलं, परीक्षा घ्यायला कर्जतहून साहेब येणार. गावात त्यांना डिपटी म्हणायचे. डिपटी म्हणे पुस्तकातलं विचारत नाहीत. स्वतःच्या पिशवीतून कुठलंतरी नवंच पुस्तक काढतात आणि त्यातलं वाचायला लावतात.

त्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, "वरच्या आळीची पोर दुसऱ्यांदा पहिलीत बसली. काय उपेग. आपल्याकडं तसलं नाय चालायचं. पास झाली तर दुसरी, नापास झाली तर घरी. भाऊ सांभाळंल, म्हशीमागं जाईल. एकीनं शिकलं तरी लय झालं."

रागानं नाही बोलले. उद्या भाताच्या रोपांसाठी राब भाजायला जायचंय म्हणावं, तसंच. भाऊ तोवर झोळीतून उतरून अंगणभर पळायला लागला होता, म्हणजे दोरी ओढण्यापेक्षा मोठं काम तयारच होतं. आई म्हणाली, "ती कशाला नापास होतेय." बाबा म्हणाले, "नायच होणार. मी आपलं बोललो."

मी भाकरी चावत होते ती तशीच तोंडात राहिली. न ऐकलेलं वाचायचं, म्हणजे न बघितलेल्या माणसाची नक्कल करायची. ते मला कसं जमणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं तिचं दुसरीचं जुनं पुस्तक काढलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. जन्मात पहिल्यांदा मी पुस्तकाच्या तिच्या बाजूला बसले.

"हे तू ऐकलेलं नाय. वाच."

मी घसा खाकरला.

"खाकरू नको. वाच."

मी पानाकडे बघत बसले. ताईनं एका शब्दावर बोट ठेवलं. मग त्याहून लहान शब्दावर. मग एकाच अक्षरावर.

"तुला येतच नाय?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"येतं."

"मग?"

"तू समोर बस ना."

ती उठून पलीकडे बसली, पुस्तक स्वतःकडे फिरवून घेतलं आणि बोट ठेवलं. मी वाचलं. गुरुजींसारखं नाही, हळूच, पण वाचलं. ताईनं पान उलटलं. तेही वाचलं. तिनं मधलंच एक पान काढलं, त्यावर कोंबडीचं चित्र होतं, ते तिनं हातानं झाकलं. मी कोंबडीही वाचली.

"तुला उलटं येतंय गं," ताई म्हणाली.

"उलटी तू बसलीस," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. गुरुजींना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा कान धरला असता. परीक्षेला तीन आठवडे होते. ताईला वाटलं, सोपं आहे, पुस्तक फिरवायचं आणि परत सगळी अक्षरं सांगायची. दोन दिवस तिनं तेच केलं. मला काही केल्या जमेना, आणि मुख्य म्हणजे पटेना.

"तांब्या उलटा ठेवला तर तांब्याच असतो ना?"

"असतो."

"बैल हिकडनं बघितला काय नि तिकडनं बघितला काय, बैलच ना?"

"बैलच."

"मग अक्षरानं काय घोडं मारलंय?"

ताई आठ वर्षांची होती. तिनं खूप विचार केला आणि म्हणाली, "मला काय ठाव. अक्षर असंच असतं."

मी आज शिकवते तेव्हाही याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही. पोरगं जन्मल्यापासून डोळ्यांना एकच शिकवतं, की वस्तू कशीही पडलेली असली तरी ती तीच. आई उभी असो, आडवी असो, आईच. सहा वर्षं घालवून ते पक्कं झालं की आपण त्याला पुढ्यात बसवतो आणि सांगतो, आता हे एवढं विसर, फक्त अक्षरापुरतं. म्हणून माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार जण अक्षरांची तोंडं फिरवतात. मी त्यांच्यावर ओरडत नाही. त्यांचं काही चुकलेलं नसतं, त्यांना फक्त आधीचं फार चांगलं येत असतं.

तर, जमेना. मग ताईला खळं सुचलं.

घरामागं आमचं खळं होतं. मळणी होऊन दोन-तीन महिने झाले होते, पण सारवलेली जमीन अजून गुळगुळीत होती. मधला खुंटा काढलेला, त्याचं भोक तेवढं राहिलेलं. मळणीला बैल त्या खुंट्याभोवती गोल गोल फिरतात, तसं मी फिरायचं, असं ताईनं ठरवलं. तिनं चुलीतला कोळसा आणला आणि खळ्याच्या मधोमध एक ब काढला. घोंगडीएवढा.

"तिकडं उभी राहा. आता काय दिसतंय?"

"ब."

"एक पाऊल टाक. आता?"

"बच की."

"अजून एक."

आई-बाबा राब भाजायला शेतावर, भाऊ काकूकडे. उन्हात आम्ही दोघी. ती म्हणाली बैल हो, म्हणून मी नुसती चालले नाही, घुंगरं वाजवत, फुरफुरत, मधेच पेंढ्याला तोंड लावत चालले. ताई काठी घेऊन मागं. एका पावलानं अक्षर फारसं हलायचं नाही. जरासं कलायचं. आणखी एक पाऊल, आणखी कलायचं. पण होता तो बच. तिकडून ताईच्या बाजूला पोचायला मला बारा पावलं लागायची, आणि सहाव्या-सातव्या पावलावर अक्षर आजाऱ्यासारखं आडवं पडायचं. तिथवर मी ठीक असायचे. आठव्याला मोडायचं. बघता बघता मधल्या रेघा सुटायच्या आणि ब कुठं गेला ते कळायचंच नाही.

"मागं ये," ताई म्हणायची. मी एक पाऊल मागं यायचे. ब परत यायचा. "आता त्याच्याकडं बघतच राहा. डोळा मोडू नको. टाक पाऊल."

असं एकेक अक्षर. माझ्याच पायांनी ते पुसायचं, ताई परत काढायची. आईनं माझे तळवे बघितले आणि विचारलं, "कुठं तुडवलंस गं एवढं काळं?" मी म्हटलं, "बैल झाले होते." आईला ते पुरलं. माझ्याबद्दल काहीही पुरायचं.

पहिल्या आठवड्यात सहा अक्षरं झाली. ती बाराव्या पावलावरही टिकली. दुसऱ्या आठवड्यात गंमत झाली. मी सवयीनं पलीकडे जाऊन उभी राहिले आणि ताईनं नवंच अक्षर काढलं, तर ते मला तिथून जरा परकं वाटलं. मी न सांगता चालत ताईच्या शेजारी आले. ताईनं काठी टाकून दिली.

वाचन मात्र भलतंच हळू झालं होतं. खळं सोडून पुस्तकावर आलो तर एकेक अक्षर पकडायचं, धरून ठेवायचं, दुसरं पकडायचं, तोवर पहिलं निसटायचं. आणि त्यात आवाज लावता यायचा नाही. गुरुजींचा नाही, कासाराचा नाही. अक्षर जुळवताना घशात दुसऱ्या कुणाला जागाच उरायची नाही. माझा स्वतःचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. खास नव्हता.

परीक्षेच्या दिवशी डिपटी सकाळच्या एसटीनं आले. किडकिडीत, छत्री घेतलेले, दर वाक्याच्या शेवटी "बरं का" म्हणणारे. एरवी मी त्यांना घशात घालून घरी नेलं असतं. त्या दिवशी मला त्यांचा आवाजसुद्धा नीट ऐकू येत नव्हता. पोरांचे आईबाप ओसरीत उभे होते. बाबाही आले होते, कोयता खांद्याला अडकवून, खिडकीपाशी.

गुरुजींनी मलाच पहिलं उभं केलं. "साहेब, ही आमची वाचणारी."

साहेबांनी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. मी सरळ धरलं. गुरुजी माझ्याकडे बघून मान हलवत होते, हो, लाव तुझा आवाज.

"मा... ळी," मी म्हटलं. "माळी. स... का... सका... ळी. सकाळी."

वर्गात चुळबूळ झाली. कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींची मान हलायची थांबली. मी वर बघितलं तर साहेब पुस्तकाकडे बघतच नव्हते, बाहेर बघत रुमालानं मान पुसत होते. माझ्या मनात आलं, काहीही बोलावं. माळी सकाळी उठला, माळी बाजारात गेला, गुरुजींच्या आवाजात, घडाघडा. कुणाला कळणार होतं? घसा खाकरायला तोंड उघडलंसुद्धा. तिसरीच्या रांगेतून ताई माझ्याकडे बघत होती. तिनं बसल्या बसल्या एक पाय थोडासा पुढे सरकवला.

मी खाली पानाकडे बघितलं. डोळा मोडला नाही. "मा... ळ्या... चं. माळ्याचं. मां... ज... र. मांजर. पा... टीत. पाटीत. झो... प... लं."

आणि मी हसले. मला हसूच आलं. भाजीच्या पाटीत मांजर झोपलेलं मला दिसलं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी नाही, ताईनं नाही. त्या पानानं सांगितलं, आणि फक्त मला.

"काय झालं हसायला, बरं का?" साहेबांनी वळून विचारलं.

"मांजर पाटीत झोपलंय," मी म्हटलं.

साहेबांनी पुस्तकात डोकावून बघितलं. "झोपलंय खरं," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. "बस खाली."

मी पास झाले. पण घरी कुणी मानायला तयार नव्हतं.

"साहेबानं दया केली," बाबा म्हणाले. "मी खिडकीत होतो ना. म्हातारी गाय चढ चढते तशी वाचत होती. आधी कशी धाडधाड वाचायची. बिघडलं काय ते पोरीचं?"

"तवा ती वाचत नव्हती, बाबा," ताई म्हणाली.

"मग काय करत होती?"

"बोलत होती."

बाबांनी दोघींकडे बघितलं. त्यांना वाटलं आम्ही काहीतरी झाकतोय. संध्याकाळी गुरुजी वाटेनं जात होते, त्यांना बाबांनी हाक मारून विचारलं, "गुरुजी, खरं सांगा, पोरीला येतंय का?"

गुरुजींचा चेहरा उतरलेलाच होता. "पास तर केलंय साहेबांनी," ते म्हणाले. "पर अडखळली. का अडखळली ते मलाबी उमगंना." एवढं बोलून गेले बिचारे.

"बघू," बाबा म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

दोन दिवसांनी बाबा गाडी जुंपून भात भरडायला कर्जतला निघाले. ताई म्हणाली, "हिला न्या ना, बाजार बघंल." बाबांनी मला पोत्यांवर बसवलं. वाटभर ते बैल हाकत राहिले. मी कुणाची नक्कल केली नाही. बैलांनासुद्धा चुकल्यासारखं वाटलं असेल.

गिरणीवर गर्दी होती. नंबर लावून बाबा नेहमीच्या जागी जाऊन बसले. गिरणीच्या सावलीच्या बाजूला एक जोतं होतं, भिंतीला पाठ टेकून तिथं छान बसता यायचं. बाबा लग्नाच्या आधीपासून तिथंच बसत आलेले. मी समोर उभी राहून भुस्सा उडताना बघत होते.

बाबांनी पान लावलं, तोंडात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"माझ्या मागं भिंतीवर काय लिवलंय ते वाच."

मी म्हटलं, "तेच कशाला?"

"ते मी कधी कुणाला मोठ्यानं वाचताना ऐकलं नाय. म्हंजे तूबी ऐकलेलं नसणार."

बाबांना अक्षर येत नव्हतं, पण परीक्षा घ्यायची अक्कल डिपटीपेक्षा जास्त होती. ते थोडे बाजूला सरकले. डांबरानं काढलेली मोठी अक्षरं होती, मधे मधे बाबांच्या आणि इतरांच्या पाठींनी झिजलेली. मी जवळ गेले.

"ये... थे. येथे. ब... ब... बसू. येथे बसू." मी थांबले. शेवटचा शब्द मला आला होता, पण मी परत एकदा बघून घेतला. "न... ये. नये."

"म्हंजे?"

"हितं बसायचं नाय."

बाबांनी तोंडातलं पान एका गालात सारलं. मग गिरणीच्या दारात वजन घेत बसलेल्या दिवाणजीला त्यांनी हाक मारली. "ओ, ह्या भिंतीवर काय हाय?"

"बसू नये हाय," दिवाणजी मान वर न करता म्हणाला. "किती वर्सं झाली रंगवून."

"मंग मला कवा उठवलं नाय ते?"

"तुमाला कशाला उठवू? सावली तिथंच हाय. बसा की."

बाबा उठले. धोतर झटकलं. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बैल विकत घेताना बघतात तसे वरून खालपर्यंत बघत राहिले. बाबांचा आवाज मला फार छान यायचा, आणि "बसा की" म्हणणारा दिवाणजी तर तेवढ्या वेळात माझ्या घशात येऊन बसलाही होता. घरी गेल्यावर आईला दोघं करून दाखवली असती तर ती जातं सोडून हसली असती. मी कधी दाखवलं नाही.

मग बाबा परत खाली बसले. त्याच जोत्यावर, पण जरा एका अंगाला, अक्षरं पाठीखाली येणार नाहीत असे.

"परत वाच," ते म्हणाले. "हळूच वाच. घाई नाय."

मी बोट ठेवून परत वाचलं. बाबा माझ्या बोटाकडे बघत होते. बोट "नये"पाशी थांबलं तेव्हा त्यांनी मान हलवली. दारातून आमच्या नंबराची हाक आली, तरी ते लगेच उठले नाहीत.

"दुसरीला पाटी तीच चालते का नवी लागते गं?"

"तीच चालते," मी म्हटलं. "पुस्तक ताईचं हाय."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि पोती उतरवायला उठले.